चीनच्या नकाशावरची तिरकी रेघ

नकाशावेडी

गेले दोन-अडीच महिने माझं वाचन चीनच्या भूगोलात अडकून पडलंय. शाळेतल्या नकाशात चीन म्हणजे एकाच रंगाने भरलेला मोठा तुकडा असायचा, आणि तो देश आतूनही तसाच एकसारखा असणार हे डोक्यात घट्ट बसलं होतं. ते हललं एका रेघेमुळे. त्या रेघेबद्दल लिहिते, चुकलं तर सांगा.

नकाशा आणि पट्टी घ्या. ईशान्येला रशियाच्या सीमेवर हेइहे नावाचं शहर आहे, तिथे पट्टीचं एक टोक ठेवा. दुसरं टोक नैऋत्येला, म्यानमारच्या सीमेजवळच्या तंगछोंगवर. आता रेघ ओढा. रेघेच्या आग्नेयेला देशाची सुमारे ४३ टक्के जमीन येते आणि तिच्यावर सुमारे ९४ टक्के माणसं राहतात. वायव्येच्या ५७ टक्के जमिनीवर उरलेली जेमतेम ६ टक्के.

ही रेघ १९३५ मध्ये हू ह्वानयोंग या भूगोलाच्या प्राध्यापकांनी मांडली. ते नानजिंगला शिकवत. तेव्हा देशाची धड जनगणनाही झालेली नव्हती. जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे मिळतील तिथून जमवायचे आणि दर २० हजार माणसांमागे नकाशावर एक ठिपका द्यायचा, असं करत त्यांनी २० हजारांहून जास्त ठिपके हाताने दिले. ठिपके देऊन झाल्यावर रेघ जवळजवळ आपोआप दिसत होती.

मला थक्क करतं ते पुढचं. त्यानंतर जपानशी युद्ध झालं, यादवी झाली, क्रांती झाली, दुष्काळ पडला, एक मूल धोरण आलं आणि गेलं, कारखाने आले, वेगवान रेल्वे आली. तेव्हा ४५-४६ कोटी असलेली लोकसंख्या १४१ कोटींवर गेली. तरी दोन्ही बाजूंच्या माणसांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांपलीकडे हललेलं नाही.

याचं कारण माझ्या मते पाऊस. पावसाळी वारे समुद्राकडून येतात आणि आत शिरता शिरता रिते होतात. आग्नेय किनाऱ्यावर वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बीजिंगला साडेपाचशे-सहाशेच्या घरात, लानचौला तीनशेच्या आसपास, तुर्फानला सोळा-सतरा. तिरकी रेघ साधारण ४०० मिलिमीटरच्या समपर्जन्य रेषेला धरून जाते. तिच्या अलीकडे नांगर, पलीकडे कळप. चीनची मोठी भिंतही बऱ्याच ठिकाणी याच पट्ट्यातून गेली आहे.

त्यात जमिनीची उतरंड. पश्चिमेला तिबेटचं पठार, सरासरी चार हजार मीटरच्या वर. मधली पायरी एक ते दोन हजार मीटरची, तिच्यात मंगोलियाकडचं पठार, लोएसचं (वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या मातीचं) पठार, युन्नानचा डोंगराळ भाग. सिच्वानचं खोरंही याच पायरीत धरतात, पण ते तळाशी बरंच खोल आहे. तिसरी पायरी पूर्वेची सपाट मैदानं, बहुतेक पाचशे मीटरच्या खाली. मोठ्या नद्या वरून निघतात आणि तिसऱ्या पायरीवर आपलं सगळं ओझं टाकतात. माणसंही तिथेच.

म्हणून मला वाटतं, चीनच्या वस्तीचा नकाशा म्हणजे पावसाचाच नकाशा. तुम्हाला काय वाटतं?

पाऊलखुणा

ताई, लेख आवडला, वाचनखूण साठवली. एक शंका आहे. या रेघेबद्दल मी पूर्वी वाचलं होतं त्यात ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के माणसं असे आकडे होते. तुम्ही ४३ आणि ९४ लिहिलंय. बरोबर कुठले?

नकाशावेडी

@पाऊलखुणा, दोन्ही बरोबर आहेत. ३६ आणि ९६ हे हू यांचे १९३५ चे मूळ आकडे. त्यांच्या नकाशात आजचा मंगोलिया देशही चीनमध्ये धरलेला होता. तेवढी प्रचंड, जवळजवळ मोकळी जमीन वायव्येकडून वजा झाली की आग्नेयेचा वाटा ३६ वरून ४३ वर जातो. रेघ होती तिथेच आहे, देशाचा आकार बदलला.

डोंगरवाट

मी कामानिमित्त चार वर्षं शीआनमध्ये होतो. तुमची तिरकी रेघ मला रोजच्या जगण्यात कधी दिसली नाही, पण दुसरी एक रेघ रोज दिसायची. घराच्या दक्षिणेच्या खिडकीतून, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी. छिनलिंग पर्वत.

छिनलिंगची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे, सगळ्यात उंच शिखर ३,७०० मीटरच्या वर. तिथून पूर्वेला ह्वाय नदी. पर्वत आणि नदी जोडून जी रेघ होते, ती चीनची उत्तर-दक्षिण वाटणी. जानेवारीतलं सरासरी तापमान शून्य अंश असणारी समताप रेषा आणि ८०० मिलिमीटरची समपर्जन्य रेषा, दोन्ही तिच्या आसपास येतात. उत्तरेला गहू, दक्षिणेला भात.

हे सगळं मला आधी पुस्तकातून माहीत होतं. पण २०१७ च्या डिसेंबरात शीआन ते छंगदू वेगवान रेल्वे सुरू झाली आणि त्यानंतर पहिल्याच थंडीत मी त्या गाडीने गेलो. शीआनहून निघालो तेव्हा शेतं पिवळट करडी, झाडं निष्पर्ण, कालव्याच्या कडेला बर्फाची पापडी. मग बोगदे सुरू झाले. एक संपतो, चार सेकंद दरी दिसते, दुसरा लागतो. कान दडे बसल्यासारखे होतात. शेवटच्या लांब बोगद्यातून गाडी हानचोंगच्या खोऱ्यात बाहेर आली आणि समोर हिरवं! भाजीचे वाफे, भाताची कापलेली खाचरं, त्यात साचलेलं पाणी, पानं न गाळलेली झाडं. शेजारी बसलेल्या आजींनी अंगातला जाड कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला. गाडीत बसून तासच झाला होता.

उत्तरेकडून येणारी कोरडी थंडी छिनलिंग अडवतो आणि दक्षिणेची ओल तिकडेच ठेवतो. भिंतीचं काम करतो तो.

या रेघेचा एक सरकारी परिणामही आहे. १९५० च्या दशकात कोळसा कमी होता, म्हणून शहराने घरोघर वाफेने किंवा गरम पाण्याने ऊब पुरवायची सोय साधारण याच रेघेच्या उत्तरेला करायची असं ठरलं. शीआनला १५ नोव्हेंबरला घरातले नळकांडे तापायला लागायचे, ते १५ मार्चपर्यंत. बाहेर उणे पाच आणि आम्ही घरात अर्ध्या बाह्यांत. वूहानचा माझा सहकारी मात्र जानेवारीत घरात कोट घालून, हाताला गरम पाण्याची पिशवी लावून बसायचा. तिथे बाहेरचं तापमान दोन-तीन अंश, पण ओलसर, आणि भिंती गार. तो म्हणायचा, उत्तरेची थंडी कातडीला लागते, आमची हाडांत शिरते.

अबोली_२२

डोंगरवाट दादा, आजींचा कोट डोळ्यांसमोर आला!

गहू आणि भात यावरून आठवलं. २०१४ मध्ये एक संशोधन गाजलं होतं. भातशेतीला पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणीला एकमेकांच्या शेतावर जावं लागतं, म्हणून भाताच्या भागातली माणसं जास्त गटाने विचार करतात आणि गव्हाच्या भागातली जास्त स्वतंत्रपणे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच संशोधकांनी नंतर स्टारबक्सच्या दुकानांत दोन खुर्च्या वाट अडेल अशा ठेवल्या. खुर्ची सरकवून जाणारे उत्तरेत जास्त निघाले, अंग चोरून मधून निघणारे दक्षिणेत जास्त. मला हे फार आवडलं होतं.

मोजपट्टी

@अबोली_२२, प्रयोग सुंदर आहे, पण त्यावर फार मोठा इमला उभा करू नये असं मला वाटतं. उत्तर आणि दक्षिण यांच्यात फक्त पीक वेगळं नाही. व्यापार, स्थलांतर, कुळांची रचना, भाषा, सगळंच वेगळं आहे. एका पिकावर सगळं लादलं की बाकीचं दिसेनासं होतं.

धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याबद्दल सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

तळ्यातमळ्यात

नकाशा वाचायचाच असेल तर चीनमधली गावांची नावं वाचा. मला भाषा शिकताना सगळ्यात जास्त आनंद यात झाला.

हबेइ म्हणजे नदीच्या उत्तरेचा, हनान म्हणजे नदीच्या दक्षिणेचा. नदी कुठली ते सांगायची गरज नाही, पीत नदीच. हूबेइ आणि हूनान मात्र सरोवराच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा, ते दोंगतिंग सरोवर. शानदोंग डोंगराच्या पूर्वेचा, शानशी डोंगराच्या पश्चिमेचा. युन्नान ढगांच्या दक्षिणेला. हेइलोंगजियांग म्हणजे काळ्या ड्रॅगनची नदी, तीच आमूर. छिंगहाय म्हणजे निळं सरोवर.

आणि यिन-यांग. हे मला कळलं तेव्हा नकाशाच उलगडला. यांग म्हणजे उन्हाची बाजू, यिन म्हणजे सावलीची. डोंगराची दक्षिण बाजू उन्हाची, म्हणून ती यांग. नदीचा उत्तर काठ दक्षिणेकडे तोंड करून उन्हात असतो, म्हणून तोही यांग. लुओयांग हे लुओ नदीच्या उत्तर काठावर वसलं. जियांगयिन यांगत्सेच्या दक्षिण काठावर आहे. गावाचं नाव ऐकलं की नदीच्या कुठल्या हाताला ते आहे ते कळतं. अर्थात नद्या पात्र बदलतात, मग नाव तेवढं मागे उरतं.

कोरडवाहू

नद्या पात्र बदलतात म्हणालात, आता मला राहवत नाही. पीत नदीबद्दल लिहितो.

तिची सगळी कहाणी मातीत आहे. मधल्या पायरीवर लोएसचं पठार आहे, सहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. वायव्येच्या वाळवंटांतून वाऱ्याने उडवून आणलेली बारीक पिवळी माती वीस लाख वर्षांहून अधिक काळ तिथे साचते आहे. शंभर मीटर जाडी सहज, काही ठिकाणी तीनशेच्या वर. कोरडी असताना ही माती विलक्षण मजबूत. उभी कापली की भिंतीसारखी उभी राहते. म्हणून लोकांनी तिच्यात घरं कोरली, याओदोंग म्हणतात त्यांना. कमानीचं तोंड दक्षिणेला, आत चुलीला जोडलेला विटांचा तापणारा ओटा, त्याचं नाव खांग. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. पण १५५६ मध्ये त्याच भागात भूकंप झाला. मेलेल्यांचा आकडा ८ लाख ३० हजार असा नोंदलेला आहे. ज्या मातीने ऊब दिली तिच्याखालीच माणसं गाडली गेली.

ओली झाली की हीच माती साखरेसारखी विरघळते. उन्हाळ्यातल्या दोन-चार मुसळधार पावसांत घळी पडतात आणि सगळं नदीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत होती. एका घनमीटर पाण्यात सरासरी ३५ किलोच्या आसपास माती. हातात घेतलं तर पाणी म्हणायचं की पातळ चिखल?

मैदानात आली की नदी मंदावते आणि गाळ तळाला बसतो. पात्र वर येतं. पूर येऊ नये म्हणून माणूस काठाचा बांध उंच करतो. मग गाळ बांधाच्या आत बसतो, पात्र आणखी वर. पुन्हा बांध. असं दोन हजार वर्षं चाललंय. काइफंगजवळ नदीचा तळ शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर वर आहे. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला, खाली, घरांची छपरं. काइफंगच्या पोटात जुनी शहरं एकावर एक गाडलेली सापडली आहेत, सहा थर. वरचं शहर पुरात गाळाखाली गेलं की त्याच जागी नवं उभं राहिलं. रस्त्यांच्या जागाही बऱ्याचशा त्याच.

बांध फुटला की अशी नदी परत पात्रात येत नाही, कारण पात्रच उंचावर. ती नवी वाट धरते. १८५५ मध्ये असंच झालं. तोवर ती शानदोंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळत होती, ती उत्तरेला बोहाय उपसागराकडे वळली. मधे सगळं द्वीपकल्प. शेकडो किलोमीटर दूर गेलं मुख. १९३८ मध्ये तर चियांग काय-शेकच्या सैन्याने जपान्यांना अडवण्यासाठी ह्वायुआनखौला बांध स्वतः फोडला. आपलीच लाखो माणसं त्यात आणि नंतरच्या उपासमारीत गेली. नदी मूळ वाटेवर आणायला १९४७ उजाडलं.

आणि याच नदीत १९९७ मध्ये समुद्राजवळच्या भागात २२६ दिवस पाणीच नव्हतं. वरच्या अंगाला शेतीने, शहरांनी उचललं. जिच्या पुराची दोन हजार वर्षं धास्ती घेतली ती समुद्रापर्यंत पोचेना. त्यानंतर कुठल्या प्रांताने किती पाणी उचलायचं याचा हिशोब कडक झाला, शिआओलांगदीचं मोठं धरण झालं, पठारावर उतारांची शेती सोडवून झाडं आणि गवत लावलं. आता गाळही पूर्वीच्या मानाने फारच कमी येतो.

नकाशावेडीताई, तुमच्या सूत्रात मी एवढीच भर घालेन: पाऊस किती पडतो याच्याइतकंच तो कुठल्या मातीवर पडतो ते महत्त्वाचं.

पाऊलखुणा

कोरडवाहू, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. बांधावरून खाली छपरं दिसतात ते वाचून अंगावर काटा आला.

मोजपट्टी

आता माझा आक्षेप. सगळं पावसावर टाकणं मला पटत नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं छंगदूचं मैदान. पाऊस भरपूर, पण मिन नदी डोंगरातून एकदम सपाटीवर यायची आणि एका बाजूला पूर, दुसऱ्या बाजूला कोरड. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने दूजियांगयानला नदीचे दोन भाग केले, तेही आडवं धरण न घालता. माशाच्या तोंडासारखा बांध घालून आतल्या आणि बाहेरच्या प्रवाहात पाणी विभागलं. डोंगराचा दगड तापवून, पाणी ओतून तडकवला आणि कालव्याला वाट काढली. ती व्यवस्था आजही चालू आहे. नदीची रचना बदलली तेव्हा ते मैदान सिच्वानचं कोठार झालं.

दुसरं, ईशान्य. तुमच्या रेघेच्या आग्नेयेला, पाऊस बरा, काळी सुपीक माती. तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जमीन विरळच होती, कारण छिंग घराण्याने आपल्या मांचू मायभूमीत हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, शेतकऱ्यांना जायला बंदी केली होती. बंदी सैल झाल्यावर शानदोंग-हबेइचे दुष्काळाने गांजलेले लोक लोंढ्यांनी तिकडे गेले. आणि आता पुन्हा उलटं. हेइलोंगजियांगची लोकसंख्या २०१० मध्ये ३ कोटी ८३ लाख होती, २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख. दहा वर्षांत ६५ लाख कमी. पाऊस तेवढाच पडतो आहे. जुने सरकारी कारखाने बसले आणि तरुण दक्षिणेला गेले.

तिसरं हुकोउ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद. १९५८ पासून प्रत्येकाची नोंद त्याच्या गावाशी बांधलेली आहे. शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन त्या नोंदीवर. १९८० नंतर शन्चनसारखी शहरं उभी राहिली ती गावाकडून आलेल्या माणसांच्या हातांनी, पण त्यांची नोंद गावातच राहिली. २०२० च्या जनगणनेत आपल्या नोंदीच्या जागेपासून दूर राहणारे ३७ कोटींहून जास्त निघाले. आता सांगा, ही माणसं नकाशावर कुठे दाखवायची? शन्चनच्या कारखान्यात, की हनानच्या गावात जिथे त्यांची मुलं आजी-आजोबांकडे वाढतात? वसंतोत्सवाला ते सगळे एकदम घरी निघतात तेव्हा दोन आठवड्यांसाठी चीनचा लोकसंख्येचा नकाशाच बदलतो.

त्यामुळे माझं मत असं: पावसाने मर्यादा घातली, पण त्या मर्यादेच्या आत कोण कुठे राहील ते माणसांनी, आणि बऱ्याचदा सत्तेने, ठरवलं.

अबोली_२२

मला मोजपट्टींचं पटतंय. पण एक भाबडा प्रश्न. छोंगछिंग हे जगातलं सगळ्यात मोठं शहर, ३ कोटी २० लाख लोकांचं, असं सगळीकडे वाचते. ते तर डोंगरात आहे. मग एवढी माणसं?

मोजपट्टी

भाबडा मुळीच नाही, भले भले फसतात. छोंगछिंग १९९७ मध्ये सिच्वानपासून वेगळं करून थेट केंद्राच्या अखत्यारीत आणलं. नावाला महानगरपालिका, पण क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ऑस्ट्रियाएवढं. त्यात डोंगर, भातशेती, खेडी, तीन घळींच्या धरणाच्या जलाशयाचा मोठा भाग, सगळं आलं. मुख्य सलग शहरात साधारण १ कोटी माणसं. मोठंच, पण शांघाय आणि बीजिंगपेक्षा लहान. चीनचा कुठलाही आकडा वाचताना आधी हद्द कुठली धरली आहे ते बघायचं.

डोंगरवाट

हद्दीवरून हानचोंगची गोष्ट सांगतो. मी गाडीतून पाहिलं ते हिरवं खोरं छिनलिंगच्या दक्षिणेला आहे, बोली सिच्वानीच्या जवळची, जेवण तिखट, भात. पण प्रांत शीआनचाच. मंगोल राज्यकर्त्यांनी हे मुद्दाम केलं असं इतिहासकार मांडतात. छिनलिंगसारखी नैसर्गिक भिंत जर प्रांताची हद्द झाली, तर सिच्वानमध्ये कुणीही बंड करून दरवाजा लावून घेईल. म्हणून किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. सत्ता भूगोलाला कशी वापरते याचं हे चांगलं उदाहरण.

आणि तिरक्या रेघेच्या पलीकडचा एक अनुभव. एका जानेवारीत काशगरला गेलो होतो. सगळ्या देशाला बीजिंगचीच वेळ. १९४९ च्या आधी देशात पाच वेगवेगळ्या प्रमाणवेळा होत्या, मग एकच झाली. काशगर बीजिंगच्या इतकं पश्चिमेला की सकाळी साडेनऊला मी नाश्त्याला उतरलो तर रस्त्यावर मिट्ट काळोख. तंदुरातून नान काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर फक्त निखाऱ्यांचा उजेड. सूर्य दहा वाजून गेल्यावर उगवला. तिथले उइघुर लोक आपसात दोन तास मागची वेळ वापरतात. एका दुकानदाराला विचारलं, किती वाजता उघडता? त्याने उलट विचारलं, कुठल्या वेळेने?

पाऊलखुणा

पण मग उत्तरेच्या मैदानात पाणी कमी आणि माणसं इतकी, हे निभतं कसं? बीजिंग पाणी कुठून पितं?

कोरडवाहू

बराच काळ जमिनीखालून उपसून. पातळी खूप खाली गेली, काही ठिकाणी जमीनही खचली. मग दक्षिणेचं पाणी उत्तरेला न्यायची योजना. पूर्वेचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला, त्यात जुन्या महाकालव्याचा बराच भाग वापरला आहे. मधला मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये. हान नदीवरच्या दानजियांगखौ धरणाची उंची वाढवली आणि तिथून पाणी उताराने, जवळजवळ पंपाशिवाय, बीजिंगपर्यंत जातं. वाटेत पीत नदी आडवी येते, तिच्या तळाखालून बोगद्यातून पाणी पुढे जातं. ते पाणी पीत नदीला भेटतच नाही. आज बीजिंगच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा हाच.

धरणाची उंची वाढवताना साडेतीन लाखांच्या जवळपास माणसं हलवावी लागली. त्यांतल्या काहींची कुटुंबं त्याच धरणासाठी आधीही एकदा उठवली गेली होती. बीजिंगमध्ये नळ सोडताना ती माणसं कुणाला आठवत असतील का, हा विचार मला सोडत नाही.

खडूफळा

भूगोल शिकवतो म्हणून लिहितो. धागा उत्तम. नकाशावेडीताई, तुम्ही मुलांसाठी काही करणार असाल तर एक सुचवतो. टक्केवारी सांगू नका. हू यांनी केलं तेच करायला लावा. पारदर्शक कागद, बारीक टोकाचं पेन, २० हजारांना एक ठिपका. सगळा देश नको, दोन प्रांत पुरेत.

आणि २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली खछियांग यांनीही याच रेघेचा नकाशा बघताना ती कशी ओलांडायची, पश्चिमेच्या लोकांनाही घराजवळ आधुनिक जगणं कसं मिळेल, असा प्रश्न विचारला होता, तेही मुलांना सांगा.

नकाशावेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचते आहे.

मोजपट्टी, "वस्तीचा नकाशा म्हणजे पावसाचाच नकाशा" हे माझं वाक्य मी मागे घेते. ईशान्येच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय रेघेच्या पलीकडेही हशीच्या पट्ट्यात छिल्यान पर्वताच्या बर्फावर वूवेइ, चांगये, दुनह्वांग जगली आणि तुर्फानने जमिनीखालून कारेझ, म्हणजे भुयारी कालवे, खोदून द्राक्षं पिकवली, हे मी लिहायलाच हवं होतं. रेघ ढोबळमानाने पावसाची आहे, एवढंच आता म्हणेन.

खडूफळा सर, तुमचं ऐकून रविवारी बसले. २०२० च्या जनगणनेचे आकडे घेतले. तिबेट स्वायत्त प्रदेश, १२ लाख चौरस किलोमीटर, माणसं ३६ लाख ४८ हजार. म्हणजे १८२ ठिपके. ग्वांगदोंग, १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, माणसं १२ कोटी ६० लाख. म्हणजे ६,३०० ठिपके. दोन्ही प्रांत एकाच प्रमाणात छापून घेतले.

तिबेटला दहा मिनिटं लागली. ल्हासाच्या खोऱ्यात आणि यारलुंग नदीच्या काठाने थोडी दाटी, बाकी एक ठिपका दिला की पुढचा कुठे द्यायचा ते शोधावं लागत होतं. उत्तरेच्या छांगथांगकडे पेन न्यायची गरजच पडली नाही. ग्वांगदोंगला सकाळी बसले ते संध्याकाळी दिवे लागले तरी चालूच. आधी उत्तरेच्या डोंगराळ भागातले दिले, ते ठीक. मग मोती नदीच्या मुखाशी आले. ग्वांगचौ, फोशान, दोंगग्वान, शन्चन. हजारभर ठिपके झाल्यावर ते एकमेकांना चिकटायला लागले, दोन हजारांवर कागद शाईने ओला झाला आणि शन्चनच्या जागी आरपार भोक पडलं. अजून साडेतीनशे ठिपके द्यायचे राहिलेत.